चित्राखाली चित्रकाराचं नाव छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परीकथा, बालपण, मुलांच्या मनातली भीती असला काही विषय आला की शेजारी हमखास एक चित्र असतं, मोठ्ठाले डोळे, पांढराफटक चेहरा, लेसचा फ्रॉक, हातात ससा नाहीतर मटणाचा तुकडा आणि मागे काळोखं जंगल. आणि खाली लिहिलेलं असतं 'इंटरनेटवरून साभार'. बास. कोणी काढलं, कुठल्या देशातलं, कुठल्या साली, काही नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते, या चित्रकारांवर माझा खूप जीव आहे, म्हणून लिहितेय, पत्र जरा लांबेल पण प्लीज छापा.

या चित्रांना पॉप सरिअलिझम म्हणतात, आधी लोब्रो म्हणायचे, म्हणजे हलक्या अभिरुचीचं. हे सगळं मूळचं कॅलिफोर्नियाचं, लॉस एंजेलिस आणि आसपासचं. रॉबर्ट विल्यम्स नावाचा चित्रकार, हॉट रॉड म्हणजे ठोकठाक करून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या आणि अंडरग्राउंड कॉमिक्सच्या जगातून आलेला, त्याने १९७९ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच स्वतःच्या कलेला लोब्रो म्हणून टाकलं, कारण म्युझियमवाले त्याच्यासारख्याला दारात उभं करत नव्हते. मग १९८६ ला लॉस एंजेलिसमध्ये ला लूझ दे हेसूस ही गॅलरी निघाली, १९९४ ला विल्यम्सने मित्रांबरोबर जक्स्टापोझ मासिक काढलं आणि या लोकांना स्वतःचं घर मिळालं. इतिहास एवढा पुरे.

नावाचा मुद्दा मी का धरून बसलेय तर ज्या बाईमुळे हे मोठे डोळे जगभर गेले तिचंच नाव चोरलं गेलं होतं. मार्गारेट कीन. १९६० च्या दशकात तिची मोठ्या उदास डोळ्यांची मुलं अमेरिकेत घराघरात पोस्टर म्हणून लागलेली होती आणि ती चित्रं मी काढली असं जगाला सांगत होता तिचा नवरा वॉल्टर. ती आत बसून रंगवायची आणि तो बाहेर मिरवायचा. घटस्फोट झाला, तिने खरं सांगितलं तरी तो मागे हटेना, शेवटी १९८६ मध्ये होनोलुलूच्या कोर्टात न्यायाधीशांनी दोघांना सांगितलं की इथेच सगळ्यांसमोर चित्र काढा. त्याने खांदा दुखतोय म्हणून ब्रशला हात लावला नाही. तिने ५३ मिनिटांत मोठ्या डोळ्यांचं मूल काढून दाखवलं. समीक्षक तिला आयुष्यभर सवंग म्हणत राहिले, पण पुढच्या पिढीतल्या कितीतरी पॉप सरिअलिस्टांच्या चित्रात तेच डोळे दिसतात. आता या बाईचं चित्र कोणी 'साभार' म्हणून बिननावाचं छापलं तर कसं वाटेल सांगा.

मार्क रायडनचं तर तुम्ही स्वतः दोनदा छापलंय, बिननावाचं. जन्म १९६३, १९८७ ला पॅसाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेजातून इलस्ट्रेशन शिकून बाहेर पडला आणि बरीच वर्षं अल्बमची कव्हरं करत होता, मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'चं १९९१ चं कव्हर त्याचंच, तो मुखवटा आणि त्यातून बघणारे डोळे आपल्याकडेही कॅसेटवर लाखोंनी पाहिलेत. १९९८ ला त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं, नाव 'द मीट शो'. लोकांना त्याच्या चित्रातलं मांस बघून शिसारी येते आणि ते पान उलटतात. पण थांबून बघा ना. प्रत्येक मुलाच्या आयुष्यात एक दिवस येतो, ताटातला तुकडा आणि अंगणात फिरणारी कोंबडी हे एकच आहे हे त्याला कळतं आणि मोठी माणसं मात्र काही झालंच नाही असं जेवत राहतात. मला त्याच्या चित्रात हाच दिवस दिसतो. २००९ च्या 'इन्कार्नेशन' चित्रात त्याने मुलीला मांसाचाच झगा घातलाय, गायिका लेडी गागाचा तसला ड्रेस २०१० चा, म्हणजे नंतरचा. आणि रंगकाम म्हणाल तर अँग्र, बुगरो या फ्रेंच मास्टर लोकांच्या वळणाचं, तेलरंगाचे पातळ पातळ थर, त्वचा अशी की हात लावावासा वाटतो, फ्रेमसुद्धा खास त्या चित्रासाठी कोरून घेतलेली. एवढी तालीम केलेल्या माणसाला 'विचित्र बाहुल्या काढणारा' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

त्याचं मला सगळ्यात आवडणारं काम मात्र कॅनव्हासवर नाही, रंगमंचावर आहे. संगीतकार रिचर्ड स्ट्रॉसचा १९२४ चा व्हिएन्नातला एक बॅले होता, एक मुलगा मिठाईच्या दुकानात व्हिप्ड क्रीम इतकं खातो की आजारी पडतो आणि त्याला दवाखान्यात नेतात. २०१७ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरने तो नृत्यदिग्दर्शक अलेक्सेई रातमान्स्कीकडून नव्याने बसवला आणि सेट, कपडे सगळं रायडनला दिलं. गुलाबी केक, नाचणाऱ्या मिठाया, आणि मग एकदम दवाखाना, डॉक्टरचं डोकं अवाढव्य, नर्सच्या हातात ही एवढी मोठी इंजेक्शनं. तापात पडलेल्या मुलाला खाटेवरून दवाखाना असाच दिसतो, हे जो मोठेपणी विसरला नाही त्यालाच हे सुचतं.

दवाखान्यावरून रे सीझर. हा लंडनमध्ये जन्मला आणि कॅनडात वाढला, टोरांटोच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात फोटो आणि चित्रं करणाऱ्या विभागात १७ वर्षं नोकरी केली. तिथे काय काय पाहिलं असेल, ऑपरेशनं, जन्मतःची व्यंगं, घरच्यांनीच मारलेली मुलं, सगळ्याची नोंद करणं हे त्याचं रोजचं काम होतं. त्याची चित्रं बघितली तर राजवाड्यातल्या नटलेल्या मुली दिसतात, पोर्सेलिनसारख्या गुळगुळीत, आणि कुठेतरी हाताच्या जागी दुसरंच काहीतरी असतं. हे सगळं तो सिनेमावाले वापरतात त्या माया नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो. ही हॉस्पिटलची गोष्ट माहीत नसेल तर बघणारा म्हणतो ई काय हे विकृत, आणि माहीत असेल तर त्याच मुलीसमोर नजर खाली जाते. चित्र तेच, फक्त खाली नाव असलं की माणूस जरा शोध तरी घेतो.

कॅमिल रोझ गार्सिया पण अशीच. १९७० चा जन्म, डिस्नेलँडच्या जवळच वाढली, म्हणून तिच्या राजकन्यांच्या डोळ्यातलं काजळ ओघळलेलं असतं आणि जंगलात झाडांऐवजी विष ठिबकत असतं, जाहिरातीतल्या गोडपणावरचा तिचा राग उघड दिसतो. सॅन मारिनो या चिमुकल्या देशातली निकोलेत्ता चेक्कोली लहान मुलांची पुस्तकं पण करते आणि गॅलरीतली चित्रं पण, हात तोच आहे.

आता लोक म्हणतात परीकथा किती गोड असतात, यांनी घाण केली. असं नाहीये हो. फ्रेंच लेखक पेरोने १६९७ मध्ये लिहिलेल्या लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, सोडवायला कोणी येत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघते ती तिची सख्खी आई, सावत्र आई नंतरच्या आवृत्तीत आली. गोडपणा मागाहून ओतलाय, हे चित्रकार तो खरवडून काढतायत. आणि आपण कोणाला सांगतोय, 'चांदोबा'त प्रेत खांद्यावर घेऊन मसणातून चाललेल्या विक्रमाचं चित्र बघत आपण मोठे झालो की.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. काही जणांच्या चित्रात लहान मुलींना ज्या नजरेने रंगवलंय ते मलाही खटकतं आणि त्यावर बोललंच पाहिजे. नकला तर पोत्याने आहेत, मोठे डोळे, हातात सुरी, गालावर एक अश्रू, झालं चित्र, आणि आता मशीनला सांगून मिनिटात दहा काढून मिळतात. पण खरं कुठलं आणि नक्कल कुठली हे वाचकाने ओळखायचं कसं, तुम्ही दोन्हीखाली 'साभार'च लिहिणार असाल तर?

माझ्यासाठी हा शाळेतला प्रश्न पण आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो, मुलं जत्रा काढतात, पावसातली छत्री काढतात, बाजार काढतात, छान काढतात. पण अंधारात वाटलेली भीती, दवाखान्यातली रात्र, आजीला शेवटचं पाहिलेलं, हे कोणीच काढत नाही कारण हे चित्रात काढायचं असतं हेच त्यांना कोणी दाखवलेलं नाही. मी वर्गात तुमची पुरवणी नेते. चित्र दाखवल्यावर पोरं पहिलं विचारतात बाई हे कोणी काढलं, त्यांना तरी उत्तर मिळू दे.

तर विनंती एवढीच, परवानगी घेऊन छापा, खाली चित्रकार, चित्राचं नाव, साल आणि माध्यम द्या, आणि रायडनचं चित्र पुन्हा घेतलंत तर कडेने कापू नका, फ्रेमसकट घ्या.

एक चित्रकला शिक्षिका, कराड