मित्रास पत्र: आधी कट, मग इफेक्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

एडिटिंग शिकायला घेतलंस याचा फार आनंद झाला. तू पहिलाच प्रश्न ट्रान्झिशन (एका दृश्यातून दुसऱ्यात जाण्याचे इफेक्ट) आणि ग्रीन स्क्रीनचा (मागचं हिरवं कापड काढून दुसरं चित्र बसवण्याचा) विचारलास. त्यावर लिहितोच, पण आधी कटबद्दल, म्हणजे दोन क्लिपच्या जोडाबद्दल. कट चुकीच्या जागी असेल तर इफेक्टने तो झाकला जात नाही, उलट नजर नेमकी तिथेच जाते.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शिकायला भरपूर आहे. फुटेज आत घेण्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइनचा (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीचा) फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते ठरव, नंतर तो बदलू देत नाही. शूटिंग २५ फ्रेमचं असेल तर टाइमलाइनही २५ चीच हवी. मोबाइलच्या फुटेजला मात्र जप. फोनचा फ्रेम रेट बहुतेक वेळा स्थिर नसतो, उजेडाप्रमाणे वरखाली होतो. म्हणून क्लिपच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि दहा मिनिटांनी सुटतात. अशी क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, व्हिडिओ टॅबमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवड आणि बदललेली फाइलच एडिटला घे.

आता जे-कट, म्हणजे पुढच्याचा आवाज त्याच्या चित्राच्या आधी सुरू करणं. सगळ्यात जास्त सराव याचाच कर. दोन माणसं बोलत आहेत असं धर. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर तोडलेस की संवाद प्रश्नोत्तरासारखा टकटक वाजतो. 'टी' दाबून ट्रिम मोडमध्ये जा, ऑल्ट धरून फक्त व्हिडिओचा जोड निवड आणि १० ते १२ फ्रेम उजवीकडे सरकव. आवाजाचा जोड होता तिथेच राहू दे. आता दुसऱ्याचा आवाज सुरू होतो तेव्हा पडद्यावर पहिल्याचा चेहरा असतो, आणि तो ऐकताना दिसतो. तोच जोड मूळ जागेच्या डावीकडे सरकवलास की एल-कट: दुसऱ्याचं चित्र आधी, पहिल्याचा आवाज अजून चालू. जोड हलतच नसेल तर क्लिपला पुढे शिल्लक फ्रेम, म्हणजे हँडल, उरलेलं नाही. डिझॉल्व्हही (एक चित्र दुसऱ्यात विरघळणारं ट्रान्झिशन) याच कारणाने लागत नाही. आणि वाढवलेल्या त्या फ्रेममध्ये पहिल्याचे ओठ हलत नाहीत ना, हे दरवेळी बघ.

आवाजाच्या प्रत्येक जोडावर दोन फ्रेमचा क्रॉसफेड टाक, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढतो. ध्वनिलहर मध्येच तुटली की बारीक 'टक्' येतं, हेडफोनमध्ये ते फार बोचतं. संवादाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेव.

झूमसाठी एक हिशेब लक्षात ठेव: फुटेज ४के आणि टाइमलाइन १०८० असेल तर दुपटीपर्यंत झूम करूनही चित्र मऊ, म्हणजे धूसर, पडत नाही. झूमच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेला, म्हणजे दोन्ही कीफ्रेमला, ईझ (हळूहळू वेग घेणं-सोडणं) दे, नाहीतर हालचाल धक्क्याने सुरू होते आणि धक्क्यानेच थांबते.

ग्रीन स्क्रीनचं निम्मं काम शूटिंगमध्येच होतं. कापडाला सुरकुत्या नकोत, उजेड सगळीकडे सारखा हवा, आणि माणूस कापडापासून दोन मीटर तरी पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक गालांवर आणि केसांवर चढते. की (हिरवा रंग काढणारा इफेक्ट) लावल्यावर मॅट, म्हणजे काय राहतं आणि काय जातं याचा नकाशा, काळ्या-पांढऱ्यात बघ. माणूस पूर्ण पांढरा आणि मागचं पूर्ण काळं हवं. अंगात करडे डाग दिसले तर तिथून मागचं चित्र आरपार दिसणार. पण ते डाग घालवायला कीचे स्लायडर फार ओढू नकोस, पहिले केस जातात. कडा तरीही दातेरी राहिल्या तर दोष बहुधा रेकॉर्डिंगचा असतो: बहुतेक कॅमेरे ४:२:० मध्ये लिहितात, म्हणजे चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद. ४:२:२ चा (रंगाच्या जास्त नोंदींचा) पर्याय असेल तर तोच वापर.

एक्स्पोर्टला १०८० साठी एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) चालेल. २५ फ्रेमला यूट्यूब ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) बिटरेट सुचवतं. यूट्यूबवर गेल्यावर व्हिडिओ पुन्हा दाबला जातोच, म्हणून थोडं जास्तच ठेव.

पहिला सराव झाला की मला पाठव. फक्त प्रोजेक्ट एक्स्पोर्ट केलंस तर त्यात फुटेज येत नाही, माझ्याकडे सगळ्या क्लिप लाल, म्हणजे न सापडलेल्या, दिसतील. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' निवड, त्यात फुटेजही येतं.

तुझा,
मंदार