काटकर साहेब, फॉरमॅट मारणं थांबलं ते तुमच्यामुळे

आदरणीय कैलाश काटकर साहेब,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. कोरेगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमचं मूळ गाव रहिमतपूर आमच्याच तालुक्यातलं, एवढाच काय तो संबंध. पण तेवढ्या जोरावर मी किती वर्षं 'घ्या हो, आपल्याकडचाच माणूस आहे' म्हणत तुमच्या क्विक हील अँटीव्हायरसचे बॉक्स खपवलेत! त्याचे आभार आहेतच. पण खरे आभार वेगळ्या गोष्टीचे आहेत.

दुकान नवीन होतं तेव्हा मला एकच औषध ठाऊक होतं, फॉरमॅट. म्हणजे डिस्क पुसायची आणि विंडोज नव्यानं टाकायची. विंडोज चालू होत नाही, मार फॉरमॅट. मशीन हँग होतंय, मार फॉरमॅट. एकदा एका सरांचा पीसी आला. पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरलेला. प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र लावलेली ईएक्सई फाइल, म्हणजे क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्राम. मी म्हटलं, आतलं सगळं गेलं. सी, डी दोन्ही ड्राइव्ह साफ केले, विंडोज टाकली, तीनशे रुपये घेतले. संध्याकाळी सरांनी मशीन चालू केलं आणि विचारलं, "अरे, माझा प्रबंध कुठाय?"

पुढे कधीतरी कळलं की फोल्डर कुठेही गेलेले नव्हते. व्हायरसनं ते नुसते लपवले होते. कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत अ‍ॅट्रिबची, म्हणजे लपवलेलं उघड करायच्या कमांडची, एक ओळ टाइप केली असती तर सगळे परत दिसले असते. सर ओरडले नाहीत. मी परत देऊ केलेले तीनशे रुपयेही त्यांनी घेतले नाहीत. त्याचाच त्रास जास्त झाला.

त्यानंतर पुण्याच्या होलसेलवाल्यानं क्विक हील हातात ठेवलं. स्कॅन लावला, व्हायरस सापडला, आणि समोर 'रिपेअर' असा शब्द आला. मी त्या शब्दाकडे बघतच राहिलो. रिपेअर करणारा मी, आणि हे मला सुचलं नव्हतं.

मग तुमच्याबद्दल वाचत गेलो. दहावीनंतर शिक्षण सोडून रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना चारशे रुपयांवर काम. मग पुण्याच्या मंगळवार पेठेत पंधरा हजारांच्या भांडवलावर स्वतःचं दुकान. कॅल्क्युलेटर दुरुस्तीला बँकेत गेलात, तिथे कॉम्प्युटर पाहिलात आणि ओळखलंत की आता पोट यावर भरणार. १९९३ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. दुकानाच्या कमाईतून धाकट्या भावाला, संजयरावांना, मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला घातलंत. दुरुस्तीला येणारी मशीनं व्हायरसनं भरलेली असायची, आणि ती साफ करायचे प्रोग्राम संजयराव शिकता शिकताच लिहू लागले.

त्यातला मायकेलअँजेलो मला फार आवडतो. (व्हायरस आवडतो म्हणणं बरं नाही, पण आमच्या धंद्यात चालतं.) तो ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कची सुरुवातच पुसून टाकायचा. तोवर मात्र डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्याच कप्प्यात, स्वतः बसलेला असायचा आणि तिथला मूळ मजकूर उचलून वेगळ्याच सेक्टरमध्ये ठेवलेला असायचा. म्हणजे ६ मार्चच्या आत गाठला, तर ठेवलेलं जिथल्या तिथे आणून बसवलं की मशीन बरं! सरांच्या फोल्डरांसारखंच. मूळ वस्तू घरातच असते, फक्त ती कुठे ठेवलीय ते माहीत पाहिजे. माझी आपली समजूत अशी की हे कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या घरालाच सुचावं. बटण चालत नाही म्हणून अख्खा कॅल्क्युलेटर फेकायचा नसतो, बटणाखालची धूळ काढायची असते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. आमच्यासारख्यांना त्यातलं मोलाचं वेगळंच वाटतं. तुमचा माल मोठ्या शोरूमपुरता राहिला नाही, तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यापर्यंत आला. एका बॉक्सवर चार पैसे सुटायचे, आणि वर्षानं रिन्यूअलला तेच गिऱ्हाईक परत दुकानात यायचं. फॉरमॅट मारून घेतलेलं गिऱ्हाईक परत येतंच असं नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

आज माझ्याकडे कामाला एक पोरगा आहे, दहावी झालेला. मशीन आलं की पहिल्यांदा काय करायचं, असं विचारलं की तो "बॅकअप" म्हणतो. त्याला हे मी शिकवलं आणि मला तुमच्या त्या 'रिपेअर'नं, म्हणून हे पत्र.

आणि सर? त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. अजून माझ्याचकडे येतात. लॅपटॉप टेबलावर ठेवतात, चहा घेतात, काय झालंय ते सविस्तर सांगतात. पेनड्राइव्ह मात्र खिशातून बाहेर काढत नाहीत.

आपला,
कोरेगावचा एक दुरुस्तीवाला