प्रवेशाच्या वेळी 'आ कर' म्हणणारं कुणी हवं

संपादक महोदय,

प्रथम वर्षाच्या प्रवेशाचे दिवस आले, की फिटनेस सर्टिफिकेटांचे गठ्ठे आठवतात. प्रवेश समितीत मी बरीच वर्षं होतो. आमच्या फॉर्मवर उंची, वजन, रक्तगट, नजर असे सगळे रकाने होते. तोंडाचा मात्र नव्हता. 'तंबाखूचे व्यसन आहे का?' एवढा एक प्रश्न असे आणि त्यापुढे सगळ्यांचंच 'नाही'.

वसतिगृहाचं काम माझ्याकडे असताना गडचिरोलीकडचा एक मुलगा मेसमध्ये रोज वरण-भातच मागायचा. "मले तिखट नाही जमत, सर." विदर्भातला पोरगा आणि तिखट जमत नाही, म्हणून आम्ही त्याची चेष्टाही केली. मग एका संध्याकाळी गुपचूपच्या (पाणीपुरीच्या) ठेल्यावर बाकीची पोरं अख्खी पुरी तोंडात टाकत होती आणि हा मोडून खात होता, तेव्हा मला शंका आली. दुसऱ्या दिवशी त्याला मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांनी त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली, तीही कशीबशी. आठवीपासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) खात होता. फॉर्मवर 'नाही' का लिहिलं, असं विचारलं तर म्हणाला, "तंबाखू कमीच टाकायला सांगतो, सर. सुपारीच जास्त असते."

गफलत इथेच आहे. तोंड आखडण्याच्या या आजाराचं, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसचं, मुख्य कारण तंबाखू नसून सुपारी आहे. गालाच्या आतल्या त्वचेखाली घट्ट पट्टे तयार होतात. आधी तिखटाने आग होते, मग जबडा उघडेनासा होतो, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. आपल्याकडे मात्र 'साधी सुपारी' मुलींच्या पर्समध्येही सहज असते आणि घरचे काही म्हणत नाहीत. आखडलेलं तोंड सहसा पूर्ववत होत नाही. सुपारी लवकर सुटली, तर तिथल्या तिथे थोपवता येतं. म्हणून अठराव्या वर्षी पाहणं महत्त्वाचं.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पुढे सुगंधित तंबाखू-सुपारीही तीत आली. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये, हा कायदा तर २००३ चा. तरीही आमच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटण्याचा आवाज तासाच्या घंटेइतकाच नियमित होता. ठेले हटवणं माझ्या हातात नव्हतं (दोनदा अर्ज दिले, ठेला चार दिवसांनी परत). प्रवेशाचा फॉर्म मात्र विद्यापीठाच्या हातात आहे.

त्यात तोंडाचा एक रकाना टाकावा. किती बोटं जातात, गालात पांढुरकेपणा आहे का, कीड आहे का, एवढंच. तपासणीला मुलामागे दोन मिनिटंही लागत नाहीत. बीडीएसचे, म्हणजे दंतवैद्यकाचे विद्यार्थी शेवटी वर्षभर इंटर्नशिप करतात. प्रवेशाच्या आठवड्यात त्यांच्यापैकी चारजण प्रत्येक महाविद्यालयात बसवता येतील. अक्कलदाढही याच वयात डोकं वर काढते आणि नेमकी परीक्षेत ठणकते, तिचीही नोंद आपसूक होईल. फक्त निकाल वाईट आला म्हणून कुणाचा प्रवेश किंवा वसतिगृह अडवू नये. नाहीतर पोरं तोंड उघडणारच नाहीत.

— एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर