चाफा आडवा झाला

पुणे, ता. ४ जून

सुध्या,

तुझा चाफा पडला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. मेला नाहीये. पण परवाच्या वळवात गच्चीत कुंडीसकट असा आडवा झाला, की सकाळी दार उघडलं तर मला वाटलं कुणी माणूसच पडलंय. हिला हाक मारली. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "सुधाभावजींना कळवा." म्हणजे सात वर्षं पाणी मी घातलं, पण झाड कुणाचं ते घरात ठरलेलंच आहे.

माझी तब्येत बरी. गुडघा आहे तसाच.

तर चाफा. तू म्हणशील, वारा. होता ना वारा. पण शेजारची जास्वंद जागची हलली नाही, आणि सहा फुटी चाफा तेवढा गेला. मग सोसायटीच्या माळ्याला बोलावलं. त्याने कुंडी फोडली (प्लास्टिकचीच होती, चिडू नकोस) आणि आतला गड्डा मला दाखवला. मुळं गोल गोल फिरलेली, जिलबीसारखी. आणि मधोमध, सुध्या, तू एसटीत मांडीवर घेऊन आलास ना, त्या काळ्या पिशवीचा आकार जसाच्या तसा! तू बजावलं होतंस, "पिशवी काढ, मुळं हाताने मोकळी कर, मग लाव." मी पिशवी काढली. पुढचं वाक्य बहुतेक चहा टाकायला उठलो तेव्हा बोललास.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण माझ्या पापांची यादी माळ्याने सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. स्लॅबवर वजन नको म्हणून कुंडीत निम्मं कोकोपीट. ते सुकलं की कापसासारखं हलकं, आणि वर एवढा झाडोरा. रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी, म्हणजे वरची चार बोटं माती ओली आणि खाली खडखडाट. मुळं पाण्यामागे खाली जातात. पाणीच खाली जात नसेल तर ती कशाला जातील? पूर्वेला नवी इमारत उठली तेव्हापासून सगळी पालवी उजेडाकडे, पश्चिमेला. कुंडी आठवड्याला जरा फिरवायची असते म्हणे. मी सात वर्षांत एकदा फिरवली, रंगारी आले तेव्हा.

आणि काठी. लावल्या दिवसापासून बांबू खोचून तीन ठिकाणी नायलॉनच्या सुतळीने आवळला होता. माझ्या मते ही मी घेतलेली सगळ्यात मोठी काळजी होती. माळ्याने सुतळी कापली तर खोड आजारातून उठलेल्या माणसासारखं वाकलं. सुतळी सालीत रुतून खाच पडलेली. "साहेब, उभी काठी होती," म्हणाला. खोड वाऱ्यावर थोडं डोललं तरच जाड होतं, त्याला डोलूच दिलं नाही तर ते बारीकच राहतं. हसतोयस ना? पन्हाळ्याला आडवा झालेला आपला तंबू आठवला ना? ती गाठ आपल्या दिल्याने मारली होती, मी नाही. जोशीसरांपुढे सांगितलं होतं, आजही सांगतो.

आता केलंय ते असं. बाहेरून फिरलेली मुळं कापली, गड्ड्याला चार उभे छेद दिले, शेंडे थोडे उतरवले. मातीची रुंद कुंडी आणली, मातीत शेणखत. काठी आहे, पण बुटकी, झाड जेमतेम उभं राहील एवढीच. हिच्या जुन्या साडीची रुंद पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल बांधलीय. पाणी दोन-तीन दिवसांनी, पण खालच्या भोकातून येईपर्यंत. सध्या सावलीत ठेवलाय. पानं मलूल आहेत. रात्री दोनदा उठून बघून आलो.

आणि दुसऱ्यांदा उठलो तेव्हा तुझी वाडी आठवली.

काल ३ जून होता. २०२० साली निसर्ग चक्रीवादळ तुमच्या श्रीवर्धनवरून गेलं आणि किती दिवसांनी तुझा फोन लागला. तू पोफळी मोजत होतास. अण्णांच्या हातच्या किती, तू लावलेल्या किती, मधूनच मोडल्या किती, मुळासकट उपटल्या किती. आणि मी म्हणालो, "माणसं सुखरूप आहेत ना? मग झालं. झाडं काय, परत लावता येतात." तू म्हणालास, रेंज जातेय. रेंज जात नव्हती, सुध्या. मागे वहिनींचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

त्यानंतर आपण बोललो, नाही असं नाही. पाऊस किती, आंबा कसा. वाडीचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही नाही. पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात हे तूच मला कॉलेजात शिकवलं होतंस, तरी मी ते बोललो. माझा चाफा माझ्या हाताने पडला. तुझ्या पोफळींचं काय चुकलं होतं? इथे एका कुंडीपायी मी दोन रात्री जागा आहे आणि मोजायला फक्त एकच आहे.

बरं. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? बंट्या मुंबईत रमला का? वहिनींनी दिलेल्या मिरचीची रोपं कोलमडली हेही सांगून टाक. दाट पेरली आणि चिखल केला, मातीलगत देठ काळे पडून एका रात्रीत झोपली. पुन्हा पाठवलं बी तर विरळ पेरीन.

चाफ्याची काठी दिवाळीनंतर काढू की पुढच्या पावसापर्यंत राहू देऊ, ते कळव. आणि नव्या पोफळींना सुपारी धरली का, तेही. फोन नको, पत्रच लिही. फोनवर तुझी रेंज जाते.

तुझा,
नाना