टॉर्च स्वतःच्या चेहऱ्यावर धरणाऱ्या बौदीला

प्रिय बौदी,

तुला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी लेक हे पत्र तुला हिंदीत सांगेल, तुझ्याच ओसरीवर बसून. तरी मी मराठीतच लिहितेय, कारण हिंदी मला भाजीबाजारापुरती येते, मनातलं सांगण्यापुरती नाही. दुसरं म्हणजे, हे पत्र इथल्या माझ्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. तुझ्याशी बोलताना मी 'आप' म्हणायचे. इथे 'तू' म्हणते. तू मला मासीमा म्हणतेस, म्हणजे मावशी, आणि मी तुला बौदी, म्हणजे बंगालीत वहिनी, पण वयाने तू माझ्या लेकीहून थोडीशीच मोठी आहेस.

अंदमानातल्या नील बेटावरून परत येऊन तीन आठवडे झाले. सरकारी कागदावर 2018 पासून त्या बेटाचं नाव शहीद द्वीप आहे, पण तुमच्या गल्लीत सगळे नीलच म्हणतात, म्हणून मीही नीलच म्हणते. नोव्हेंबरात आले ती जूनपर्यंत राहिले. लेकीचं काम समुद्रातल्या प्रवाळांचं. ती पहाटे निघायची ती दुपार उलटल्यावर यायची. मधला सगळा दिवस माझा एकटीचा, आणि माझे कान गेलेले.

कानांबद्दल थोडं सांगते, कारण त्यावाचून तू काय केलंस ते कोणाला कळायचं नाही. मला आवाज येतो. शब्द येत नाही. वयाने कान जातात तेव्हा आधी बारीक आवाज जातात. स, श, फ, त अशी अक्षरं गळून पडतात आणि मागे नुसती स्वरांची गडगड उरते. 'भात झाला का' हे माझ्यापर्यंत 'आ आ आ आ' असं पोचतं. ओरडून सांगितलं की तीच गडगड मोठी होते, त्यात अक्षर काही परत येत नाही. म्हणून मी ओठ बघते. ओठांवरही सगळं दिसत नाही. प, ब आणि म ओठांवर एकसारखे दिसतात, क आणि ग तर घशातच राहतात. अर्धं कानातून, अर्धं डोळ्यांतून, उरलेलं अंदाजाने, अशी माझी बेरीज चाललेली असते. दिवस मावळेपर्यंत त्याने डोकं जड होतं.

आणि या सगळ्या बेरजेनंतर मी विचारते, "काय म्हणालास?" तेव्हा उत्तर येतं, "काही नाही, जाऊ दे."

दहा वर्षं मी हे ऐकते आहे. घरच्यांकडून, शिकलेल्या लोकांकडून, ज्यांना मी लहानपणी कडेवर घेतलं त्यांच्याकडून. जेवणाच्या टेबलावर सगळे हसतात, मी विचारते काय झालं, आणि 'काही नाही'. दोनदा सांगायचे कष्टही घेता येऊ नयेत असं मी या घरात काय मागितलं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण 'काही नाही' म्हणणाऱ्याला वाटतं त्याने एक वाक्य वाचवलं, आणि ऐकणाऱ्याला त्या घरातून एक पायरी खाली उतरवलेलं असतं.

कानाचं मशीन विकणाऱ्यांचं तर काय सांगावं. विकताना दीड तास गोड बोलले. मी किनाऱ्यावर सहा-सात महिने राहायला निघालेय, हे सांगूनही मशीन रात्री उघडून कोरड्या डब्यात ठेवायचं असतं, हवेवर चालणारे सेल दमट हवेत लवकर बसतात, यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. एप्रिलमध्ये उजव्या कानाचं मशीन आधी खरखरलं, मग बंद पडलं. "समुद्राकाठी नेलंत ना, मग आमची जबाबदारी नाही," असं उत्तर आलं. पुढच्या मेसेजांना उत्तरही आलं नाही.

आणि ती बोटीच्या तिकिटाची खिडकी. मार्चमध्ये मला दाढेसाठी पोर्ट ब्लेअरला जायचं होतं. बोटीची वेळ बदलल्याचं भोंग्यावरून सांगितलं गेलं. भोंगा म्हणजे माझ्यासाठी नुसता गोंगाट. मी खिडकीशी जाऊन वही-पेन पुढे केलं आणि म्हटलं, लिहून द्या, मला ऐकू येत नाही. त्या माणसाने वहीकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागच्याशी बोलला आणि हाताने मला बाजूला व्हायला सांगितलं. मी बाकावर जाऊन बसले. बोट गेली. वेळेचे चार आकडे लिहायला किती वेळ लागतो?

तुमच्या बेटावरचे दिवस मात्र मला आवडले, बौदी. तुमच्याकडे सूर्य घड्याळाचं ऐकत नाही. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, 82.5 रेखांशावरचं, आणि बेटं जवळजवळ 93 वर. म्हणजे सूर्य चाळीसेक मिनिटं पुढे. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला उजाडायचं. मी ओहोटीची वेळ बघून भरतपूरच्या किनाऱ्यावर जायची. पाणी आत सरकलेलं, खडकांच्या खळग्यांत छोटे मासे अडकलेले, शंख चालायला लागले की कळायचं आत खेकडा आहे. तिथलं काही उचलून आणायचं नसतं हे लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून मी नुसती वाकून बघायची. तिथे मला कानांची गरज लागायची नाही. नऊपर्यंत परत, मग तुझ्या वाडीच्या कुंपणाशी.

पण जे उजाडणं लवकर, ते मावळणंही लवकर. डिसेंबरात आमच्याकडे सहाला सूर्य बुडतो, तुमच्याकडे पाचला. लोकांना त्याचं काही वाटत नाही, दिवा लावतात आणि बोलत राहतात. माझं तसं नाही. उजेड गेला की ओठ जातात, ओठ गेले की माणसं जातात. पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल बघायला गेलो होतो. आम्हा मराठी माणसांना तिथे गेल्यावाचून राहवत नाही, सावरकरांची कोठडी बघताना माझा ऊर भरून आला होता. संध्याकाळी तिथे प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम असतो. ध्वनी मला कळत नव्हता आणि प्रकाश भिंतींवर होता, शेजारी बसलेल्या लेकीच्या चेहऱ्यावर नव्हता. ती कानाशी लागून सांगत होती. शेवटी मीच तिला म्हटलं, "जाऊ दे." तो शब्द माझ्याच तोंडून निघाला, याचं मला फार वाईट वाटलं.

तुझं बोलणं सुरुवातीला मला अजिबात वाचता येईना. तुझी हिंदी बंगाली ओठांची. 'घर' म्हणताना तुझे ओठ गोल होतात, 'बस' म्हणतानाही गोल, आणि मी आपली मराठी ओठांचा शब्द शोधतेय. तू वांगं उचलून दाखवायचीस, बोटांनी आकडा सांगायचीस, मी मान हलवायची. दोन-तीन आठवड्यांत मला तुझे ओठ येऊ लागले. एखादी बोली शिकावी तसे मी ते शिकले. पण तूही काहीतरी शिकत होतीस, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आलं दादांमुळे, तुझ्या नवऱ्यामुळे. ते एकदा दारात उभे राहून मला काही सांगत होते. पाठीमागे ऊन, त्यामुळे त्यांचा चेहरा नुसता काळा. मी डोळे बारीक करून बघत होते. तू आतून आलीस, त्यांना खांद्याला धरलंस आणि शाळेतल्या मुलाला फिरवावं तसं उजेडाकडे फिरवलंस. एकदम सगळे शब्द दिसायला लागले. भेंडी आज बोटीने पोर्ट ब्लेअरला गेली, उद्या घरची काढतो, एवढंच सांगत होते ते. माझी लेक सोडली तर असं माझ्यासाठी कधी कोणी केलं नव्हतं.

आता त्या रात्रीबद्दल.

मे महिना, पाऊस नुकताच सुरू झालेला. लेक कामासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेली, संध्याकाळच्या बोटीने येणार होती. दुपारपासून वारा सुटला. चारला वीज गेली. इंटरनेट गेलं, म्हणजे माझे मेसेज गेले. आवाजाचा फोन तेवढा लागत होता, आणि तो मला काय कामाचा? उजवं मशीन आधीच मेलेलं. डाव्या मशीनमधून पत्र्यावरच्या पावसाचा असा कल्लोळ येत होता की मी ते काढून ठेवलं. साडेपाचला बोट यायला हवी होती. सात वाजले. मेणबत्ती लावून मी पलंगावर बसले होते. समुद्रात वारा कसला असतो ते मी एव्हाना पाहिलं होतं, आणि माझं पोर त्या समुद्रावर आहे की नाही, हे मला सांगणारं कोणी नव्हतं. दार वाजलं असतं तरी मला कळलं नसतं.

तेव्हा समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक गोळा पडला. गेला. पुन्हा पडला. खिडकीतून कोणीतरी टॉर्च मारत होतं, माझ्यावर नाही, मला दिसेल अशा जागी, भिंतीवर. मी दार उघडलं. तू भिजून चिंब, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी.

आत आलीस आणि सगळे करतात ते केलं नाहीस. अंधारात माणूस टॉर्च समोरच्याच्या तोंडावर मारतो. तू ती उलटी केलीस आणि स्वतःच्या चेहऱ्यावर धरलीस. आधी हनुवटीखालून धरलीस. त्याने नाकाची सावली वर पडली आणि ओठ बुडाले. माझ्या चेहऱ्यावरून तुला ते कळलं असावं. तू हात लांब केलास, बाजूने, खांद्याच्या उंचीवर, आणि टॉर्च थोडी थोडी हलवत राहिलीस, मी मान हलवेपर्यंत. डोळ्यांवर उजेड येत होता, तू ते मिटलेस. मिटलेल्या डोळ्यांनी, गालांवरून पाणी ओघळत असताना, तू सावकाश म्हणालीस, "बेटी ठीक है। बोट बंद। वहीं है, कल आएगी।" आणि डोळे उघडून पाहिलंस, मला कळलं का. मला सगळं कळलं होतं, तरी तू पुन्हा डोळे मिटून तेच पुन्हा सांगितलंस. न मागता, दोनदा.

लेकीने तुझ्या फोनवर कळवलं होतं. त्या पावसात शेताच्या बांधावरून तू आलीस, यासाठी तर मी ऋणी आहेच. शेजारधर्म म्हणून दुसरंही कोणी आलं असतं कदाचित. पण दारातून "ठीक है, ठीक है" ओरडून परत गेलं असतं, आणि मी त्या स्वरांच्या गडगडीतून काय अर्थ काढला असता, देव जाणे. तू मला बातमी तर दिलीसच, ती माझ्यापर्यंत पोचली का हेही पाहिलंस.

नंतर मी विचारलं होतं, तुला हे कोणी शिकवलं? तू खांदे उडवलेस. "आप मुँह की तरफ देखती हो ना।" बस्स, एवढंच. तू बघितलं होतंस मी कुठे बघते ते.

तुझ्या सासू-सासऱ्यांसारखी माणसं पूर्व बंगालातून निर्वासित होऊन त्या बेटावर आली, जंगल तोडून जमीन केली, असं तू सांगितलं होतंस. बोट बंद झाली की शेजाऱ्याशिवाय कोणी नाही, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे का, मला माहीत नाही. तुमच्या गल्लीतली पोरंही नंतर माझ्याशी बोलताना आधी समोर येऊन हात हलवू लागली. धाकटीने तर एकदा तोंडातली गोळी काढून हातात धरली आणि मगच बोलली. चांगुलपणा असा एकाचं बघून दुसऱ्याला लागतो, हे मी या वयात तुमच्याकडे पाहिलं. इथे मी लोकांना हात जोडून सांगायची, समोर बघून बोला. तिथे मला सांगावं लागलं नाही.

उजव्या कानाचं मशीन दुरुस्त झालं आहे. त्याच्या खटपटी सांगत बसत नाही. आता रात्री कोरड्या डब्यात ठेवते. तुझी भेंडी आठवते, भरतपूरची ओहोटी आठवते. लेक म्हणते पुढच्या नोव्हेंबरात परत ये. गुडघे काय म्हणतात ते बघू, पण मन तर कधीच तयार आहे.

परवा लेकीने तुझ्या घरून व्हिडिओ कॉल लावला. इथे घरातले सगळे माझ्या मागे उभे राहून "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करत होते. पडद्यावर तू दिसलीस, मग नाहीशी झालीस. नुसतं छप्पर दिसलं, मग दार, मग केळी. फोन घेऊन तू अंगणात आली होतीस. उन्हाकडे तोंड केलंस, केस मागे सारलेस, फोन जरा लांब धरलास आणि विचारलंस,

"मासीमा, दिखता है?"

तुझी,
मासीमा