तिसऱ्या परिच्छेदाबद्दल

तालुका दर्यापूर, जि. अमरावती
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. वैशू हिस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोन तुझी आई हातातून सोडत नाही, आणि तू समोर दिसलीस की जेवलीस का, थंडी किती आहे, याच्यापुढे मला काही सुचत नाही. आज पोस्टाला सुट्टी आहे, आई ऋणमोचनच्या यात्रेला गेली आहे, घरात कोणी नाही. म्हणून कागद घेऊन बसलो. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः एवढं मोठं पत्र लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

तू जर्मनीच्या व्हिसासाठी लिहिलेल्या पत्रातल्या तिसऱ्या परिच्छेदाबद्दल मला बोलायचं आहे.

आठवतं ना, दर्यापूरहून प्रिंट काढून आणलीस आणि रात्री आईला मराठीत वाचून दाखवलीस. पहिल्या दोन परिच्छेदांतला शब्द न् शब्द खरा होता. आपला खारपाणपट्टा, पूर्णेच्या दोन्ही अंगांची आठशेच्या वर गावं, विहीर खोदली तरी खारं पाणी. वावरात विहीर असून कापसाच्या पऱ्हाटीला पाणी देता येत नाही, सगळा भरवसा पावसावर आणि हिवाळ्यात हरभरा जमिनीच्या ओलीवर. नळाला शहानूरचं पाणी येण्याआधी आजीने जन्मभर तेच खारं पाणी प्यायलं आणि शेवटी तिची किडनी गेली. आठवीत असताना तू मला विचारलं होतंस, बाबा, या पाण्यातलं मीठ काढता येत नाही का? त्या प्रश्नामागे जाऊन तू अकोल्याला कृषी अभियांत्रिकी केलंस आणि तिथून आता जर्मनीत पाण्याचंच पुढचं शिकायला गेलीस. हे मी जवळून पाहिलं आहे.

मग तिसरा परिच्छेद आला. शिक्षण पूर्ण झाल्यावर मी भारतात परत येईन आणि माझ्या भागासाठी काम करीन. आईने डोळ्यांना पदर लावला. मी तुझ्याकडे पाहत होतो. पहिले दोन परिच्छेद वाचताना तू मधूनमधून आमच्याकडे बघत होतीस. हा वाचताना तू मान वर केली नाहीस.

त्याआधी आठच दिवस झाले असतील, अंगणात बाजेवर बसून तू मला हिशोब समजावला होतास. दोन वर्षं शिक्षण. पास झाल्यावर नोकरी शोधायला तिथलं सरकार १८ महिने देतं. शिक्षणाला साजेशी नोकरी लागली आणि दोन वर्षं टिकली, भाषेची बी-१ परीक्षा झाली, की कायम राहण्याचा परवाना. म्हणजे साडेपाच वर्षं, आणि नोकरी लवकर लागली तर त्याहून कमी. तेव्हा तुझ्या डोळ्यांत जी चमक होती, ती मला तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी दिसली होती. परत यायचं ठरवलेलं माणूस असा हिशोब मांडत नाही, बेटा. मला त्याच दिवशी कळलं.

व्हिसाच्या कागदावर तू काय लिहिलंस याचा राग नाही. सगळे असंच लिहितात, असं तुला तुझ्या मैत्रिणींनी सांगितलं, आणि फाईल नाकारली जायची भीती होती. तरी मला वाटतं, जो देश शिकून झालेल्यांना नोकरी शोधायला १८ महिने स्वतः देतो, त्यातले काही जण राहणार हे त्याने धरलेलंच असणार. तुला खरं लिहिता आलं असतं. पण ते जाऊ दे. मला लागलं ते पुढचं. तोच परिच्छेद तू आत्याला सांगितलास, काकांना सांगितलास, अकोला स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसच्या दारात उभी राहून मला सांगितलास. आणि आता दर रविवारी फोन ठेवताना म्हणतेस, दोनच वर्षं बाबा. तेवढं म्हणताना तुझा आवाज बदलतो. तो बदलू नये म्हणून हे पत्र.

तू राहायला गेली आहेस. मला ते माहीत असताना मी कर्जाच्या कागदावर सही केली आहे.

सही कशी केली तेही सांगतो, कारण तुला अर्धंच माहीत आहे. तू आधी कॅनडाचं म्हणत होतीस, तेव्हा मी तुला न सांगता एका एजंटकडे जाऊन आलो. शहरातलं मोठं ऑफिस, भिंतीवर विमानांचे फोटो. तो म्हणाला, काका, अमुक कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा, अठरा लाख, पीआर पक्की, म्हणजे कायम राहायचा परवाना. मी विचारलं, पक्की म्हणजे लिहून देता का? तर हसायला लागला. मी सायकल काढली आणि परत आलो. नंतर तूच मला वाचून दाखवलंस की कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, खात्यात दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ वर नेली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी कॉलेजात शिकणाऱ्यांच्या पुढच्या वर्क परमिटला विषयांची अट लावली. ज्या पोरांच्या बापांनी पक्की या शब्दावर पैसे भरले, त्यांचं काय झालं असेल, हे मला अजून रात्री आठवतं. जर्मनीचंही तसंच धर. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी वाट होती, ती मागच्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. तू अंगणात सांगितलेला हिशोब आज बरोबर आहे. तो साडेपाच वर्षं असाच राहील असं समजू नकोस. दर सहा महिन्यांनी सरकारच्या मूळ साइटवर जाऊन स्वतः वाचत जा, कोणाच्या व्हिडिओवर जाऊ नकोस.

पैशाचं. वावर तारण ठेवायला गेलो तेव्हा बँकेच्या साहेबांनी सांगितलं की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन चालत नाही, कर्ज थकलं तर बँकांच्या वसुलीच्या कायद्याने ती जप्त करता येत नाही. मग दर्यापूरचा प्लॉट ठेवला. तो मी पोस्टातल्या आरडीच्या पैशांतून घेतला होता, तुझ्या लग्नासाठी म्हणून. लग्नासाठी घेतलेला प्लॉट शिक्षणाला लागला याचं मला बरंच वाटतं. व्हिसासाठी लागणारं ते ब्लॉक्ड अकाउंट आधी मला समजत नव्हतं. ११,९०४ युरो, म्हणजे आपले बारा लाखांच्या वर, एकदम भरायचे आणि ते तुलाच महिन्याला ९९२ करून परत मिळायचे. आपल्या मंथली इन्कम स्कीमसारखं, फक्त यात व्याजाऐवजी मुद्दलच घरी येतं. समजलं तेव्हा धीर आला. पैसा तुझ्याच नावावर आहे, कोणी खाल्लेला नाही.

गावात मात्र एकच वाक्य ऐकतो. पोरगी आता तुमचे पांग फेडेल. हे वाक्य मला आवडत नाही. कर्ज बँकेचं आहे, शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतील, ते तू फेडशील कारण कागदावर तुझं नाव आहे. माझं आणि आईचं तुझ्याकडे काही येणं नाही. आई आज यात्रेला गेली ती पूर्णेत बुडी मारली की ऋण फिटतं म्हणून. दरवर्षी जाते, पण या वर्षी जाताना म्हणाली, “वैशूच्या नावानं एक बुडी जास्त मारतो, पोरीच्या डोक्यावर काही राहू नये.” म्हणजे तिच्याही मनात तेच आहे जे माझ्या मनात आहे. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही इतकंच.

आणखी एक गोष्ट तू लपवलीस, ती मला कळली आहे. नोव्हेंबरात बोलताना तू सहज म्हणालीस, बाबा, इथे पिनकोड पाच आकडी असतो, पहिले दोन आकडे पाहिले की कोणत्या भागाचं पार्सल ते कळतं. शिकायला गेलेल्या पोरीला हे कसं माहीत असेल? ज्याने रात्रभर पार्सलं निवडली त्यालाच ते हाताला कळतं. तेव्हापासून पाहतो, तू कॅमेरा छातीच्या वरच धरतेस, हात दाखवत नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नसशील. मला वाईट वाटलं नाही, वैशू. मी त्याच कामावर तुला वाढवलं. फक्त काही सांगतो ते ऐक. जड पार्सल कंबरेतून वाकून उचलू नको, गुडघ्यात बसून उचल. टेपने बोटं कापतात, पातळ हातमोजे घाल. आणि वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढीच मुभा आहे असं तूच सांगितलं होतंस, त्यावर एक दिवसही करू नकोस, सोबतचे कितीही म्हणोत. ज्या परवान्यावर पुढचं सगळं उभं आहे त्याला डाग नको. परीक्षेच्या महिन्यात रात्रपाळी सोडून दे. कमी पडलं तर सांग. या वर्षी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये आहे. व्यापारी ओलावा दाखवून त्याच्या बरंच खाली मागतो, म्हणून मी नोंदणी करून सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, केंद्रावर दिला. थोडे पैसे बाजूला आहेत.

लोक मला भाऊसाहेबांचं उदाहरण देतात. तुझ्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख, आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे, शंभर वर्षांपूर्वी विलायतेत शिकून परत आले, शाळा-कॉलेजं काढली, देशाचे कृषिमंत्री झाले. तुमची पोरगीही येईल म्हणतात. ते मोठेच होते, आपल्या घरात त्यांचा फोटो आहे. पण त्यांचं ओझं चोवीस वर्षांच्या पोरीच्या पाठीवर कोणी ठेवू नये. तू तिथे राहून खाऱ्या पाण्यावर काही शोधलंस तर ते पाणी कुठल्या गावचं आहे हे कोणी विचारणार नाही. आणि काहीच शोधलं नाहीस, साधी नोकरी केलीस, तरी तू माझी पोरगी.

वावराचं सांगायचं राहिलं. चार एकराच्या सातबाऱ्यावर माझ्यामागे तुझं नाव लागेल. मी तालुक्याला विचारून आलो. परदेशात राहणाऱ्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. पुढे तिथलं नागरिकत्व घ्यायचं झालं तर आपला देश दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. तो पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला तेव्हा थैलीतून मी काढला आणि तुझी सही घेऊन तुला दिला. तीस वर्षांत एवढा आनंद कुठल्या पाकिटाने दिला नव्हता. तो परत करायचा दिवस आला तर मला आधी सांग. अडवणार नाही. पण मला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. जमीन मात्र तुझ्या पायात अडकवून ठेवणार नाही. तुझा चुलतभाऊ वाहतो आहे, नीट वाहतो आहे. पुढे तुला द्यावीशी वाटली तर त्याला दे.

मला दुःख होत नाही असं समजू नकोस. तुरीचे सोले निघाले. आईने परवा सोलेभाजी केली आणि तीन ताटं घेतली. मग एक उचलून ठेवलं. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. मी आता छपन्नचा आहे, तुझा हिशोब बरोबर निघाला तर साठी ओलांडलेली असेल. हे मी त्या अंगणातल्या रात्रीच मोजलं होतं. मोजूनच सही केली.

आजारपणाचं एक ठरवून टाकू. इकडे कोणाला काही झालं तर मी तुला त्याच दिवशी सांगेन, परीक्षा असली तरी. तिकडे तुला काही झालं तर तूही तसंच करायचं. येता आलं नाही तर येऊ नकोस, पण कळलं पाहिजे.

तो तिसरा परिच्छेद आता पुन्हा लिही. मराठीत, हाताने, कागदावर. तुला खरोखर काय हवं आहे ते लिही. राहायचं असेल तर राहायचं म्हणून लिही. अजून ठरलं नसेल तर तसं लिही. भीती वाटत असेल तर तीही लिही. पाठवताना वर आपला पिनकोड सहा आकडी टाकायला विसरू नको, आता तुला पाचाची सवय झाली असेल. इथल्या थैलीतून ते मीच काढीन, आणि आईला वाचून दाखवण्याआधी एकदा पोस्टातच बसून वाचीन.

तुझा,
बाबा