प्रत्येक ‘सेकुलार’ धर्मनिरपेक्ष नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पेन किंवा मेक्सिकोतल्या बातम्यांत ‘धर्मनिरपेक्ष’ हा एकच शब्द सरसकट छापला जातो, हे मला फार खटकते. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. मूळ मजकुरात तीन-चार वेगवेगळे शब्द असतात. इंग्रजीच्या वाटेने येताना त्या सगळ्यांचे ‘सेक्युलर’ होते आणि मराठीत पोचेपर्यंत अर्थ हातचा गेलेला असतो.

मेक्सिकोच्या राज्यघटनेत २०१२ साली, ४०व्या कलमात, प्रजासत्ताकाला ‘लाइका’ हे विशेषण जोडले गेले. तिथे ‘धर्मनिरपेक्ष’ चपखल बसतो. स्पेनचे तसे नाही. तिथल्या १९७८च्या घटनेचे १६वे कलम म्हणते की कोणताही धर्मपंथ राज्याचा असणार नाही. पण लगेच पुढच्या वाक्यात कॅथलिक चर्च आणि इतर पंथांशी सहकार्याचे संबंध ठेवायलाही सांगते. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात एका चौकटीत खूण केली की करातला ०.७ टक्के वाटा चर्चकडे जातो. या व्यवस्थेला तिथे ‘आकोन्फेसिओनाल’ म्हणतात. मराठीत ‘राजधर्म नसलेले राज्य’ म्हटले तर निदान चूक तरी होणार नाही. ‘राजधर्म’ला आपल्याकडे दुसरा अर्थ चिकटलेला आहे खरा, मग ‘अधिकृत धर्म नसलेले’ म्हणावे.

खरा घोळ ‘सेकुलार’चा. हा स्पॅनिश शब्द ‘सिग्लो’च्या कुळातला. ‘सिग्लो’ म्हणजे शतक, आणि जुन्या अर्थाने संसार, ऐहिक जग. म्हणून ‘आर्बोल सेकुलार’ म्हणजे शेकडो वर्षांचा जुना वृक्ष. माझ्या एका विद्यार्थिनीने तो ‘धर्मनिरपेक्ष वृक्ष’ असा लिहून आणला होता. शब्दकोशात तिला तेवढाच अर्थ मिळाला. ‘क्लेरो सेकुलार’ म्हणजे कोणत्याही संन्यस्त संघात नसलेले, धर्मप्रांतात काम करणारे धर्मगुरू. त्यांना धर्मनिरपेक्ष कसे म्हणायचे?

याच मुळातून आलेला ‘सेग्लार’ म्हणजे धर्मगुरू नसलेला, चारचौघांसारखा श्रद्धाळू. त्याला ‘सामान्य माणूस’ असे लिहिलेले वाचते तेव्हा वाईट वाटते, कारण नेमका शब्द आपल्या घरातच आहे. वसईचे मराठी ख्रिस्ती त्याला ‘प्रापंचिक’ म्हणतात. प्रपंच आणि परमार्थ ही जोडी ज्या भाषेच्या तोंडी कायम असते, तिला ‘सेग्लार’साठी इंग्रजीकडे जायची गरज नाही. आपल्या अनुवादकांनी हा शब्द जरूर वापरावा, ही विनंती.

— एक स्पॅनिश शिक्षिका, पुणे